कुंचल्याचा फटकारा आणि माणसाचा चेहरा

नागपूरच्या सदर भागांतील जुन्या घरांत बैठकीच्या भिंतीवर घरांतील वडील माणसांच्या तसबिरी टांगलेल्या असतात. त्यांपैकीं बहुतेक छायाचित्रावरून मोठ्या करून घेतलेल्या. कांहींवर मागाहून रंग चढविलेला. आणि एखाद्या घरीं एखादें खरें तैलचित्र. पाहुणा या तैलचित्राजवळ जातो, चष्मा सांवरून तें न्याहाळतो, आणि गालावर, कपाळावर कुंचल्याचे जाड, सुटे फटकारे दिसतांच त्याच्या मनांत पहिला विचार येतो तो हा कीं, चित्र अर्धवट राहिलें असावें. घरचीं माणसें संकोचतात. चित्रकारास घाई असेल, पैसे पुरेसे मिळाले नसतील, असा कांहींतरी खुलासा होतो. तोच पाहुणा मागें सरून खुर्चीवर बसतो, चहाचा पेला हातीं घेतो आणि सहज वर पाहतो, तों भिंतीवरचे वृद्ध गृहस्थ जणूं आतांच कांहीं बोलतां बोलतां थांबले आहेत असें त्यास वाटतें. जवळून जे नुसते रंगाचे लपके होते, त्यांचेंच दहा फुटांवरून कपाळ झालें, गालफड झालें, डोळ्यांखालची थकलेली त्वचा झाली. हें कसें घडतें, आणि तें घडविण्याची विद्या ज्यास शिकावयाची आहे त्यानें आरंभ कोठून करावा, हा येथील विषय आहे.

गुळगुळीत तें चांगलें, ही समजूत फार जुनी नाहीं. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनीं १८९४ सालीं मुंबईजवळ घाटकोपर येथें छापखाना काढला आणि देवदेवतांचीं रंगीत चित्रें घरोघर पोंचलीं. मूळ तैलचित्र पाहण्याचा योग फारच थोड्यांस आला. छापील प्रत मात्र देवघरांत, दुकानांत, दिवाणखान्यांत सर्वत्र लागली. छापलेल्या चित्रांत कुंचला कोठें टेकला आणि कोठें उचलला हें कळावयास मार्ग नसतो. त्याच काळांत शहरोशहरीं छायाचित्रकारांचीं दुकानें निघालीं, आणि कांचेवरील सुरकुत्या पुसून देणारा कारागीर त्यांत बसूं लागला. दोन-तीन पिढ्यांचे डोळे अशा रीतीनें सपाट चेहऱ्यास सरावले. यांत लोकांचा दोष कांहींच नाहीं. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, चित्रकला शिकूं लागलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशीं मऊ कुंचला घेऊन चेहरा घोटावयास बसतो, आणि घोटतां घोटतां माणूस नाहींसा होतो.

खरें पाहतां महाराष्ट्रांतील व्यक्तिचित्रणाची परंपरा या बाबतींत दरिद्री मुळींच नाहीं. मुंबईस १८५७ सालीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें जी कलाशाळा सुरू झाली, तेथें प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करणें हा शिक्षणाचा पाया होता. पुढें १९१९ मध्यें ग्लॅडस्टन सॉलोमन हे तिचे प्रमुख झाले, आणि जिवंत मनुष्य समोर बसवून अभ्यास करण्यास तेथें विशेष जोर आला. पुतळा हालत नाहीं, घामत नाहीं, कंटाळत नाहीं. त्याच्यापुढें हात संथ चालला तरी चालतो. जिवंत माणसापुढें चित्रकारास निर्णय लवकर घ्यावे लागतात, आणि निर्णय लवकर घेतला कीं त्याची खूण रंगांत राहते. त्याच शाळेंत शिकून तेथेंच शिक्षक झालेले गोव्याचे ए. एक्स. त्रिंदाद (१८७०–१९३५) यांस लोक पूर्वेचे रेम्ब्रांट म्हणत. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीस फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आहे. गोपाळ देऊसकर (१९११–१९९४) यांनीं पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठीं रंगविलेलीं बालगंधर्वांचीं दोन चित्रें, एक पुरुषवेषांतील व एक स्त्रीभूमिकेंतील, हीं तर नाटकास जाणाऱ्या हजारों माणसांच्या ओळखीचीं आहेत.

नागपूरकरास इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. सदरला लागूनच सिव्हिल लाइन्समध्यें १८६३ सालीं स्थापन झालेलें मध्यवर्ती संग्रहालय आहे. अजब बंगला या नांवानें तें सर्वांस ठाऊक आहे. लहान मुलांस तेथें पेंढा भरलेले प्राणी दाखवावयास नेतात आणि चित्रदालनावरून भरभर पुढें जातात. तेथें मुंबईच्या चित्रपरंपरेंतील चित्रेंही आहेत. शिकणारानें एका चित्रापुढें अर्धा तास घालवावा. आधीं चित्रापासून हातभर अंतरावर उभें राहावें, मग एकेक पाऊल मागें सरावें, आणि ज्या पावलावर रंगाचा चेहरा होतो तें पाऊल लक्षांत ठेवावें. चित्रकार रंगवितांना बहुधा तेथेंच येऊन उभा राहत होता, असें समजण्यास हरकत नाहीं.

युरोपांतही हा वाद जुनाच आहे. इटलींतील चित्रकारांचीं चरित्रें लिहिणारा व्हसारी यानें १५६८ सालच्या आपल्या आवृत्तींत तिशियनच्या उतारवयांतील चित्रांविषयीं असें नमूद केलें आहे कीं, तीं जवळून नीट कळत नाहींत आणि दुरून परिपूर्ण दिसतात. त्यानें पुढें जी गोष्ट सांगितली ती विद्यार्थ्यानें अधिक ध्यानांत धरण्यासारखी आहे. हीं चित्रें सहजगत्या झालेलीं दिसतात म्हणून पुष्कळांनीं त्यांचें अनुकरण केलें आणि ते फसले. कारण त्या सहजपणामागें फिरून फिरून केलेले श्रम होते. हॉलंडांतील फ्रान्स हाल्स, स्पेनमधील व्हेलास्केझ, आणि त्यांच्यामागून अडीचशें वर्षांनीं आलेला अमेरिकन चित्रकार सार्जंट (१८५६–१९२५) या सर्वांच्या बाबतींत हीच भूल लोकांस पडली. फटकारा दिसतो म्हणजे तो भरकन् मारला असला पाहिजे, असा हा तर्क आहे. फटकारा मारावयास एक क्षण लागतो हें खरें. परंतु तो कोठें, केवढा आणि कोणत्या रंगाचा मारावयाचा हें ठरविण्यांत पुष्कळ वेळ जातो, आणि हा वेळ चित्रांत दिसत नाहीं.

वस्तुतः कुंचल्याचा एक फटकारा म्हणजे चार प्रश्नांस एकदम दिलेलें उत्तर होय. चेहऱ्याचा हा भाग किती उजळ आहे? त्याचा रंग उष्ण आहे कीं थंड? त्या ठिकाणीं पृष्ठभाग कोणत्या बाजूस वळला आहे? आणि त्याची कड शेजारच्या भागांत विरून जाते कीं स्पष्ट तुटते? घोटून रंगविणारा हे प्रश्न एकेक करून सोडवूं पाहतो, किंबहुना एकही न सोडवितां सर्वांवर मऊ कुंचला फिरवितो. सुटा फटकारा मारणारास तशी सवड नसते. त्याचें उत्तर चुकलें तर तें उघड चुकतें.

हे फटकारे दुरून एकमेकांत मिसळतात म्हणून चेहरा दिसतो, असें पुष्कळदां सांगितलें जातें. तें पुरतें खरें नाहीं. निरोगी डोळ्यास दहा फुटांवरून एक मिलिमीटरच्या आसपासचा भेद ओळखतां येतो. मग बोटभर रुंदीचा फटकारा त्यास वेगळा दिसणार नाहीं, असें कसें होईल? तो दिसतोच. परंतु जवळून पाहतांना दृष्टि रंगावर खिळलेली असते, आणि मागें सरल्यावर सबंध डोकें एकदम दृष्टीच्या टप्प्यांत येतें. तेव्हां मनास फटकाऱ्यांतील परस्परसंबंध कळूं लागतो. कपाळावरील उजेड व कानशिलावरील सांवली यांत जेवढें अंतर खऱ्या माणसांत असतें, तेवढेंच जर त्या दोन फटकाऱ्यांत असेल, तर मन मधली वळण स्वतःच भरून काढतें. पाहणारास या कामांत वांटा मिळतो, आणि म्हणूनच असें चित्र अधिक जिवंत वाटतें. आणखी एक साधें भौतिक कारण आहे. उजेडाच्या जागीं रंग जाड लावला आणि सांवलींत पातळ ठेवला, तर जाड रंगाच्या कंगोऱ्यांवर खोलींतला खराच उजेड पडतो आणि सांवली आपोआप मागें सरते.

नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं. पण नागपुरांत कोणत्याही घरीं थंडीच्या दिवसांत सांपडेल अशी एक वस्तु या विद्येच्या पहिल्या धड्यास पुरेशी आहे. ती म्हणजे संत्रें. खिडकीजवळ पांढऱ्या कापडावर एक संत्रें ठेवावें, म्हणजे उजेड एकाच बाजूनें येईल. मग तें बारा फटकाऱ्यांत रंगविण्याचा नियम स्वतःस घालून घ्यावा. तेरावा नाहीं. पहिल्या प्रयत्नांत आठ फटकारे बाह्य गोलाईंतच खर्च होतात आणि आंतला गोल सपाट चकतीसारखा राहतो. दुसऱ्या खेपेस कळूं लागतें कीं, गोलाई कडेनें उभी राहत नसून उजेड, मधली छटा, गडद सांवली आणि खालच्या कापडावरून परतलेला मंद उजेड या चार पट्ट्यांच्या क्रमानें उभी राहते. सांवलींतला नारिंगी रंग हा काळा मिसळलेला नारिंगी नसून बराचसा तांबूस तपकिरी असतो, हेंही तेथेंच समजतें. पांच-पन्नास संत्रीं अशीं रंगविल्यावर सालीवरील फटकाऱ्यांची दिशा आपोआप गोलाईस अनुसरूं लागते. मनुष्याचें डोकें म्हणजे शेवटीं कांहीं मोठ्या पृष्ठभागांची रचना आहे: कपाळाचा दर्शनी भाग, त्याच्या दोन बाजू, नाकाचा दांडा व त्याच्या दोन उतरणी, गालफडाचा वरचा व खालचा भाग, हनुवटीचा उंचवटा. ज्यास संत्रें जमलें त्यास हे पृष्ठभाग शोधतां येतात. ज्यास तें जमलें नाहीं तो पापण्यांचे केस मोजीत बसतो.

आतां प्रत्यक्ष माणूस समोर बसवावयाचा. तो कसा बसवावा यापेक्षां उजेड कोठून घ्यावा हा प्रश्न आधीं येतो. युरोपांतील पुस्तकांत उत्तरेकडील खिडकीचा उजेड घ्यावा असें ठाम लिहिलेलें असतें, कारण लंडन किंवा पॅरिस येथें माध्यान्हीचा सूर्य बारा महिने दक्षिणेस असतो आणि उत्तरेच्या खिडकींतून केवळ आकाशाचा स्थिर, थंड उजेड येतो. नागपुरास हा नियम वर्षभर लागू पडत नाहीं. नागपूर एकवीस अक्षांशाच्या किंचित् वर आहे आणि कर्कवृत्त त्याच्याही उत्तरेस. त्यामुळें मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य येथें दिवसभर आकाशाच्या उत्तर अंगानेंच फिरतो. सकाळीं व सायंकाळीं उत्तरेच्या खिडकींतून तिरपें ऊन आंत येतें आणि अर्ध्या तासांत गालावरची सांवली जागा बदलते. अशा वेळीं खिडकीस पातळ पांढरा पडदा लावावा, किंवा खोल ओसरी असलेल्या खोलींत बसावें. सदरच्या जुन्या बंगल्यांतील उंच छताच्या, जाड भिंतींच्या आणि व्हरांड्यानें वेढलेल्या खोल्या उन्हाळ्यास तोंड देण्याकरितां बांधल्या गेल्या; त्या चित्रकारासही सोयीच्या ठरतात. तेथील उजेड मंद असला तरी एका जागीं ठरतो.

उन्हाळ्याचा उपद्रव एवढ्यावर संपत नाहीं. तैलरंगांतील तेल हें जवसाचें असतें. विदर्भांत घरोघर ज्या जवसाची चटणी होते त्याच बियांचें तेल चित्रकाराकरितां शुद्ध करून घेतलेलें असतें. तें पाण्यासारखें उडून वाळत नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून तें हळूहळू घट्ट होतें, आणि उष्णता वाढली कीं ही क्रिया झपाट्यानें होते. टर्पेंटाइन मात्र उडून जातें. मे महिन्यांतील पंचेचाळीस अंशांच्या दुपारीं पॅलेटवरील रंग पाहतां पाहतां चिकट होतो. कुंचला ओढावा तर तो अडखळतो, आणि ओला फटकारा ओल्या फटकाऱ्याशेजारीं ठेवण्याची सारी मौज निघून जाते. जुने लोक रंगांत लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब घालीत. त्यानें वाळणें लांबतें. त्याहून सोपा उपाय म्हणजे सकाळीं सातपासून दहापर्यंत काम करावें आणि दुपारीं झोंप काढावी. पावसाळ्यांत कॅनव्हासचा ताण बदलतो, तेव्हां चौकटीच्या कोपऱ्यांतील पाचरी तपासून पाहाव्या. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण पहिल्या वर्षांतील अर्धे विद्यार्थी चित्रकलेस कंटाळतात असें म्हणण्यापेक्षां ते चिकट रंगास कंटाळतात असें म्हणणें अधिक रास्त होईल.

रंग किती घ्यावे? फार थोडे. स्वीडनचा चित्रकार आंद्रेस झोर्न (१८६०–१९२०) याच्या नांवानें चार रंगांचें पॅलेट प्रसिद्ध आहे: पांढरा, पिवळ्या मातीचा ऑकर, हिंगुळाचा तांबडा आणि काळा. हिंगुळांत पारा असल्यामुळें आतां त्याच्या जागीं बहुधा कॅडमियमचा तांबडा वापरतात. या चारांत निळा नाहीं हें पाहून नवशिका घाबरतो. परंतु काळ्यांत पांढरा मिसळला असतां जो राखाडी रंग होतो, तो तांबूस-पिवळ्या कातडीशेजारीं निळसरच दिसतो. चार रंगांत अडकून पडल्यानें विद्यार्थ्याचें लक्ष रंगांच्या नळ्यांवरून निघून उजेड-काळोखाच्या प्रमाणाकडे जातें, हा त्याचा खरा लाभ.

भारतीय चेहऱ्याच्या बाबतींत मात्र एक सावधगिरी घ्यावी लागते. परदेशी पुस्तकांत कातडीचा रंग तयार करण्याच्या ज्या कृति दिलेल्या असतात, त्या गुलाबी गोऱ्या चेहऱ्यावरून बसविलेल्या आहेत. त्यांत थोडा तपकिरी मिसळला म्हणजे गव्हाळ किंवा सांवळा वर्ण होईल असें समजणें ही मोठी चूक आहे. सांवळ्या कातडीवर कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालफड यांवर जी चकाकी येते ती कातडीच्या रंगाची नसते. ती उजेडाच्या रंगाची असते. खिडकींतून आकाशाचा उजेड येत असेल तर ती चकाकी निळसर राखाडी दिसते, आणि शेजारची त्वचा गडद असल्यामुळें अधिक ठसठशीत दिसते. गोऱ्या चेहऱ्यावर हीच चकाकी आसपासच्या रंगांत हरवून जाते. म्हणून सांवळ्या चेहऱ्यावर थोडे, ठाम, स्वच्छ फटकारे जितके शोभतात तितके क्वचितच दुसरीकडे शोभत असतील. विवाहाच्या तसबिरींत मुलीचा वर्ण दोन छटा उजळ करून मागण्याची जी रीत आहे, तिनें समाजाची जी हानि होते ती होतेच. चित्राची हानि ही कीं, चकाकी व कातडी यांतील अंतर नाहींसें होऊन चेहरा पिठाचा होतो.

आरंभ असा करावा. कॅनव्हासवर बर्न्ट अंबर या तपकिरी मातीच्या रंगाचा टर्पेंटाइनमध्यें पातळ केलेला हात फिरवून तो फडक्यानें पुसून घ्यावा, म्हणजे पांढऱ्या पृष्ठभागाची भीति जाते. डुकराच्या राठ केसांचे चपटे कुंचले घ्यावे, आणि वाटतो त्यापेक्षां एक आंकडा मोठा घ्यावा. कुंचल्याची दांडी लांब ठेवलेली असते ती टोकाशीं धरण्यासाठीं. लेखणीसारखी तिला केसांजवळ धरिली कीं मनगट लिहूं लागतें आणि खांदा झोंपतो. ईझल बसलेल्या व्यक्तीच्या जवळच, पण शक्य तर सहा-आठ पावलें मागें जातां येईल अशा ठिकाणीं ठेवावें. त्या दुरूनच पाहावें, तेथेंच निर्णय करावा, मग पुढें येऊन एक फटकारा ठेवावा व पुन्हां मागें जावें. सायंकाळीं पाय दुखले पाहिजेत.

पहिला तासभर डोळे, ओठ वगैरे रंगवूंच नयेत. पापण्या अर्धवट मिटून पाहिलें असतां बारीकसारीक तपशील मावळतो आणि चेहऱ्याचे उजेड व सांवली असे दोनच देश दिसतात. त्यांची सीमारेषा प्रथम घालावी. डोळ्यांच्या खोबणींतील काळोख, नाकाखालची सांवली, खालच्या ओठाखालचा खळगा एवढेंच मांडलें तरी ओळखीचा माणूस वीस पावलांवरून ओळखूं येतो. कारण आपण रस्त्यांत माणसें ओळखतों तीं याच खुणांवरून, पापण्यांच्या केसांवरून नव्हे. मग सांवलींत पातळ, उजेडांत हळूहळू जाड असा रंग चढवीत जावें. प्रत्येक फटकाऱ्यानंतर कुंचला फडक्यास पुसावा. हा नियम पाळावयास सर्वांत कंटाळवाणा आणि मोडल्यास सर्वांत महाग. न पुसलेला कुंचला तिसऱ्या फटकाऱ्यास चिखल करतो.

आणि ठेवलेल्या फटकाऱ्यास पुन्हां हात लावूं नये. येथेंच शिकणाराचें खरें शिक्षण आहे. फटकारा ठेवला, तो किंचित् चुकलासा वाटला, बोट किंवा कुंचला आपोआप पुढें होतो, आणि जरासा चेपला, जरासा ओढला म्हणजे साधेल असें वाटतें. साधत नाहीं. चुकला असेल तर सुरीनें तो खरवडून काढावा आणि तेथें नवा ठेवावा. सार्जंट हा एवढा सफाईचा चित्रकार, पण रंगविलेलें सबंध डोकें खरवडून टाकून तें पुन्हां नव्यानें रंगविण्यास तो कचरत नसे. पाहणारास दिसतो तो शेवटचा, एका दमांत झालेला चेहरा. त्याखालीं किती चेहरे खरवडले गेले याची त्यास दाद नसते.

हें वाचून कोणास वाटेल कीं, सबंध चित्र ठळक फटकाऱ्यांनीं भरून टाकावें. तसें केलें तर चेहरा व मागची भिंत एकाच आवाजांत बोलूं लागतात. मैफलींत प्रत्येक जागेवर तान घेणारा गवई जसा ऐकवत नाहीं, तसेंच हें. जेथें हाड कातडीच्या जवळ आहे, म्हणजे कपाळ, गालफड, नाकाचा दांडा, तेथें फटकारा ठाम व त्याची कड स्पष्ट. जेथें मांस मऊ आहे, म्हणजे गालाचा खालचा भाग, ओठांचे कोपरे, तेथें कड विरलेली. केस व पार्श्वभूमि यांच्यामधील कड तर कांहीं ठिकाणीं पार हरवूं द्यावी. लुगड्याच्या जरीच्या कांठाचा मोह सर्वांत वाईट. विद्यार्थी त्यावर दोन दिवस खर्च करितो, प्रत्येक बुट्टी उठवितो, आणि पाहणाराची नजर चेहऱ्यावर न ठरतां कांठावर फिरत राहते. जरीवर उजेड जेथें लखकन् चमकतो अशा चार-पांच ठिकाणीं जाड पिवळसर पांढरा ठेवावा. बाकीची जर पाहणारा स्वतः विणून घेतो.

बसणाऱ्या व्यक्तीचा विचार येथपर्यंत मागें राहिला, पण सारें त्याकरितांच आहे. वृद्ध स्त्रीस किंवा पुरुषास वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ एका बैठकींत बसवूं नये. खुर्चीच्या पायांशीं व पावलांशीं खडूच्या खुणा कराव्या, म्हणजे विश्रांतीनंतर बैठक पुन्हां तशीच जमते. त्यांच्याशीं बोलत राहावें. गप्प बसविलेला चेहरा दहा मिनिटांत उतरतो, आणि चित्रांत कंटाळा उतरतो. आजी आपल्या माहेराविषयीं बोलूं लागल्या कीं डोळ्यांखालचा भाग किंचित् वर उचलला जातो. तेवढा एक फटकारा मिळाला तर त्या दिवसाची बैठक सार्थकीं लागली. घरचीं माणसें मध्येंच येऊन सुरकुत्या कमी करा म्हणतात. त्यांना नाराज न करतां एवढेंच सांगावें कीं, सुरकुती ही रेघ नसून दोन पृष्ठभागांच्या मधील घडी आहे, आणि ती चित्रांत रेघेनें काढली जाणारच नाहीं.

बहुतेक कुटुंबांत चित्राचा विचार सुचतो तो माणूस गेल्यानंतर. मग पाकिटांतून एक लहानसें, समोरून उजेड पडलेलें, सपाट छायाचित्र निघतें आणि त्यावरून मोठें तैलचित्र करून मागितलें जातें. छायाचित्रांत जेथें सांवली नुसती काळी झालेली आहे, तेथें कानशिलाचें हाड कसें वळलें होतें हें कोणता चित्रकार सांगूं शकेल? ज्या पृष्ठभागाची माहितीच नाहीं, तेथें ठाम फटकारा मारणें म्हणजे खोटी साक्ष देणें होय; म्हणून प्रामाणिक चित्रकार अशा जागा घोटून मऊ करितो, आणि चित्र गुळगुळीत होतें. भिंतीवरील तसबिरींचा गुळगुळीतपणा पुष्कळदां आवडीनिवडीचा नसून उशिराचा असतो. घरांत कोणी मुलगा किंवा मुलगी चित्रकला शिकत असेल, तर आजोबा-आजींस खिडकीजवळ बसविण्यास तिचा हात पक्का होण्याची वाट पाहूं नये. पहिलीं दहा चित्रें बिघडतील. बिघडलेल्या दहांतही चेहऱ्याविषयीं जी माहिती जमा होईल, ती मागाहून कोणत्याही छायाचित्रांतून मिळणार नाहीं.

चित्र झालें असें वाटल्यावर तें पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवावें. नंतर प्रथम आरशांत पाहावें. उलट्या प्रतिमेंत एक डोळा वर गेलेला किंवा जबडा सरकलेला लगेच दिसतो. दुरुस्ती करावयाची तर वाळलेल्या थरावर अधिक तेलाचा रंग लावावा, कमी तेलाचा नव्हे. नाहींतर वरचा थर आधीं वाळून त्यास भेगा पडतात. व्हार्निश निदान सहा महिने लावूं नये, आणि रंग फार जाड असेल तर वर्षभर थांबावें. टांगतांना चित्रावर कांच बसवूं नये, समोर खिडकी येईल अशी भिंत टाळावी, आणि उजेड चित्रांत ज्या बाजूनें आला आहे त्याच बाजूस खोलीचें दार किंवा खिडकी येईल असें पाहावें. पाहुण्यांची खुर्ची त्यापासून दहा फुटांवर मांडावी.